ॲडजस्ट : खडेबाजारातलं एक क्रियापद
(प्रस्तावना)

बेळगावात भाषेवरून जे भांडण होतं ते नावांचं असतं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हे शहर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. 1 नोव्हेंबर 2014 रोजी सरकारदप्तरी 'बेळगाव'चं 'बेळगावी' झालं. 2024 साली कायद्यात दुरुस्ती होऊन पाटीचा 60 टक्के भाग कानडीत असलाच पाहिजे असं ठरलं. खडेबाजारातून गणपत गल्लीकडे चालत निघावं आणि वर बघत जावं, म्हणजे या सगळ्या इतिहासाचा रंगीत नकाशाच दिसतो. पण त्या पाट्यांवर असतं काय? दुकानाचं नाव, मालकाचं आडनाव, मालाचा प्रकार. सगळी नामं. पाटीखाली, गल्ल्यापाशी जे चालतं ते मात्र क्रियापदांवर चालतं, आणि तिथं मोजपट्टी घेऊन अजून कोणी आलेलं नाही. 'पॅक करू काय?', 'फिट होतंय का बघा', 'चेंज करून देतो', 'रिटर्न घेत नाही', 'जरा कट मारून पुढं जावा'. इंग्रजी क्रियापदं बिनदिक्कत आत आली, बसली, आणि मराठी-कानडी दोघांनीही त्यांना ओळखपत्र विचारलं नाही.

या पुस्तिकेत अशाच क्रियापदांची टिपणं आहेत. त्यांतल्या बहुतेकांना प्रस्तावनेची गरज नाही. 'चेक करणे' किंवा 'बुक करणे' यांचा अर्थ इथं येताना फारसा बदललेला नाही. एक क्रियापद मात्र असं आहे की त्याच्यावरच लिहावं असं वाटलं, कारण इंग्लंडातून निघताना ते एक होतं आणि बेळगावात उतरलं तेव्हा दुसरंच झालं. ते म्हणजे 'ॲडजस्ट'.

इंग्रजीत या शब्दाला फार मोठा मान नाही. तिकडची दांडगी क्रियापदं वेगळी. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989च्या आवृत्तीत एकट्या 'सेट'चे 430 अर्थ दिले होते, आणि पुढच्या आवृत्तीसाठी 'रन'चे 645 जमले. त्यांच्यापुढं 'ॲडजस्ट' म्हणजे कारकून माणूस: घड्याळाचा काटा, दुर्बिणीचं भिंग, विम्याचा दावा, असली नेमून दिलेली कामं करणारा. मूळ लॅटिन. 'जुक्स्टा' म्हणजे शेजारी, लगत. एखादी वस्तू दुसरीच्या लगत आणणं, नीट बसवणं, हा त्याचा अर्थ फ्रेंचमार्गे सतराव्या शतकात इंग्रजीत आला. जाणकार हे 'जुक्स्टा' आपल्या 'युज्' धातूच्या कुळातलं मानतात, ज्यातून योग आला आणि बैलाच्या मानेवरचं जूही आलं. व्युत्पत्तीवर फार विसंबू नये, पण ही गोष्ट मनात ठेवावी; बसमध्ये चढल्यावर ती परत लागणार आहे.

बेळगावात इंग्रजी दोन वाटांनी आली. एक किल्ल्याची. 1818 साली टॉमस मन्रोनं किल्ला घेतला, नंतर कॅम्प वसला, आणि कॅम्पला भाजीपाला, कपडा, सामानसुमान पुरवता पुरवता बाजाराच्या जिभेवर साहेबाचे शब्द बसले. दुसरी वाट लोखंडाची, आणि माझ्या मते 'ॲडजस्ट'साठी तीच महत्त्वाची. 1888 साली किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढं लक्ष्मणराव नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रांकडे वळले आणि 1910 मध्ये कारखाना घेऊन किर्लोस्करवाडीला गेले. खडेबाजाराजवळ त्यांच्या नावाचा रस्ता तेवढा मागं राहिला. सायकल आली की चेन, ब्रेक, स्पोक आले, आणि ते घट्ट-सैल करायचे शब्दही आले. आज उद्यमबागेतल्या फाउंड्रीत किंवा लेथवर काम करणारा माणूस 'ॲडजस्ट' म्हणतो तेव्हा तो शुद्ध इंग्रजी अर्थानं म्हणतो. 'दोन दोरे फिरवून ॲडजस्ट कर.' तिथं वस्तू ॲडजस्ट होते, माणूस जागचा हलत नाही.

बाजारात शब्द शिरला की त्याला पाय फुटतात. सराफाकडे जुनी मोड घेऊन गेलात, तर 'घट धरून मजुरीत ॲडजस्ट करतो' असं ऐकायला मिळेल. साडीच्या दुकानात दोन रुपये सुटे नसले की 'पुढच्या वेळी ॲडजस्ट करू'. शिंप्याकडे ब्लाऊज घट्ट झाला तर 'माया आहे आत, ॲडजस्ट होईल'. चपलेच्या दुकानात नवी चप्पल चावते अशी तक्रार केली तर 'घालून घालून ॲडजस्ट होतंय ओ'. या प्रत्येक ठिकाणी मराठीजवळ आपला शब्द होता, आणि तो जास्त नेमका होता. पैशाच्या बाबतीत 'वळतं करणे'. किर्दीत आणि सरकारी कागदांत अजूनही उचल वळती होते. कपड्याच्या बाबतीत शिवणीत राखून ठेवलेल्या जादा कापडाला आपण 'माया' म्हणतो. अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून शिंपी ती ठेवतो. असला शब्द हाताशी असताना माणसं 'ॲडजस्ट' का म्हणतात, याला आळस हे उत्तर पुरेसं नाही. वळतं करायला हिशेब लागतो. 'ॲडजस्ट करू' म्हटलं की हिशेब सांगावा लागत नाही.

आता बस. वायव्य कर्नाटक परिवहनची असो की महाराष्ट्राची एसटी, निपाणीकडे जाणाऱ्या गाडीत तीन माणसांच्या बाकावर चौथा येतो आणि म्हणतो, 'जरा ॲडजस्ट करा की ओ.' मागच्या बाकावर तेच 'स्वल्प ॲडजस्ट माडरी' होतं. खडेबाजारातला मुसलमान दुकानदार 'थोडा ॲडजस्ट करो ना' म्हणतो, खरेदीला आलेली गोव्याची बाई 'मातशें ॲडजस्ट कर' म्हणते. 11 जून 2023 पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून या वाक्याला तर उसंतच नाही. आणि गंमत अशी की इथं शब्द आपल्या लॅटिन अर्थावर परत आला आहे: लगत व्हा, शेजारी सरका. मधल्या काळात इंग्रजीनं त्याला यंत्राचं काम लावलं होतं, बेळगावच्या बसनं त्याला पुन्हा माणसांच्या लगत आणून बसवलं. फरक एकच: आता वस्तू हलत नाही, माणूस हलतो.

चार भाषांत एकच शब्द एकाच जागी कसा बसतो, याचं उत्तर आमच्यापासून फार लांब नाही. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी तिथल्या मराठी, कानडी, उर्दू आणि तेलुगूचा अभ्यास केला. 1971 साली तो प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या भाषाशास्त्राच्या पुस्तकांत गेला. त्यांना असं दिसलं की शतकानुशतकं शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की एकीचं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येतं. शब्द मात्र प्रत्येकीनं आपापले राखले, कारण शब्दावरून जात-जमात कळते. बेळगावच्या बोलीला हे सगळं लागू आहे. आम्ही 'करून टाक' म्हणत नाही, 'करून सोड' म्हणतो, कारण कानडीत तिथं सोडण्याचं क्रियापद येतं. पु. ल. देशपांडे इथल्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायला होते. 'गणगोत'मधल्या रावसाहेबांमुळं या बोलीचा झटका उभ्या महाराष्ट्राच्या कानात गेला, पण लोक हसले आणि व्याकरण तसंच राहिलं. ज्या दोन भाषांचा सांगाडा एक आणि शब्द वेगळे, त्यांच्यात परक्या मुलखातला, कोणाच्याच जातीचा नसलेला शब्द आला की तो दोन्हीकडे एकाच वेळी चपखल बसतो. मराठीनं त्याला 'करणे' लावलं, कानडीनं 'माडु'. मराठीनं 'करून घ्या' म्हटलं, कानडीनं 'माडकोरी'. घेणं आणि 'कोळ्ळु' यांचं काम एकच: केलेल्याचं फळ किंवा भार आपल्याकडे ओढणं.

याच्या पुढची गोष्ट मला या पुस्तिकेच्या कामात सगळ्यांत जास्त आवडली. पुण्याचा माणूस म्हणतो, 'मी ॲडजस्ट केलं.' क्रियापद नपुंसकलिंगी, कर्त्याशी त्याचा संबंध तुटलेला. कोणी केलं, पुरुषानं की बाईनं, एकानं की चौघांनी, 'केलं'वरून कळत नाही. बेळगाव-निपाणीकडचा माणूस म्हणतो, 'मी ॲडजस्ट केलो.' प्रमाण मराठीच्या शिक्षकाला ही चूक वाटते आणि वहीत तांबडी रेघ पडते. पण कानडीच्या शेजारानं झालेला हा बदल आहे. 'नानु माडिदे' म्हणताना तिथं क्रियापद कर्त्यामागंच जातं. कोल्हापूरकडच्या आणि आमच्याकडच्याही पुष्कळ बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, कारण कानडीत 'मी'ला लिंगभेद नाही. तेव्हा इथली बाई 'मी ॲडजस्ट केलो' म्हणते, आणि ज्यानं भार सोसला तो क्रियापदाच्या शेपटातच उभा असतो. 'केलं'मध्ये एक गोष्ट घडून गेली आहे. 'केलो'मध्ये मी आहे.

त्यातच 'झालो'चा पदर. 'ती सासरी ॲडजस्ट झाली' आणि 'ती सासरी ॲडजस्ट केली' ही दोन वाक्यं आमच्याकडे एका अर्थाची नाहीत. पहिल्यात ती रुळली, तिला तिथलं पाणी लागलं. दुसऱ्यात तिनं ओठ मिटून दिवस काढले. स्थळ सांगून येतं तेव्हा मुलाकडचे 'मुलगी ॲडजस्ट करणारी हवी' असं म्हणतात; 'ॲडजस्ट होणारी' असं कोणी म्हणत नाही. बोलणाऱ्याला फरक कळतो, फक्त तो कोणी बोलून दाखवत नाही.

मराठीत या एका शब्दानं किती शब्दांची जागा घेतली ते जरा बघावं. सांभाळून घेणं हे मोठ्याचं काम, धाकट्यासाठी. सामावून घेणं हे घरच्याचं, नवख्यासाठी. नमतं घेणं म्हणजे हरल्याची कबुली. चालवून घेणं हलक्या मालाच्या बाबतीत, खपवून घेणं वाईट वागणुकीच्या. भागवणं टंचाईत. सोसण्याला पर्याय नसतो. तडजोडीला दोघं लागतात. जुळवून घेण्यात थोडं तरी मन असतं. यांतला कोणताही शब्द उच्चारला की कोण वर, कोण खाली, कोणी किती सोडलं हे उघड होतं. 'ॲडजस्ट' यांतलं काहीच सांगत नाही. म्हणूनच तो बाजारात इतका सोयीचा आहे. घासाघीस करताना गिऱ्हाईक म्हणतं, 'भावात जरा ॲडजस्ट करा की ओ', दुकानदार म्हणतो, 'तुम्ही पण थोडं ॲडजस्ट करा', आणि शेवटी ज्या आकड्यावर सौदा होतो तिथं नमतं कोणी घेतलं हे दोघांनाही बोलून दाखवावं लागत नाही. दोघांची पत शाबूत. बाजारापुरतं हे क्रियापद मला शहाणपणाचं वाटतं, आणि शुद्धीच्या नावाखाली ते काढून टाकावं असं मला वाटत नाही. भाषाशुद्धीच्या चळवळीनं मेयरचा महापौर केला आणि तो टिकला; पण महापौर हे नाम आहे, एका खुर्चीवर बसणारं. 'ॲडजस्ट'ला खुर्ची नाही, त्याला काढणार कुठून?

अडचण येते ती दोन्ही बाजू सारख्या नसल्या म्हणजे. तिथं हाच शब्द एकाच दिशेनं वाहतो. सरकणाऱ्याला कायम सरकायला सांगायचं आणि बसलेल्यानं बसूनच राहायचं. घरात त्याची दिशा सुनेकडे, भाड्याच्या खोलीत भाडेकरूकडे, कामावर मजुराकडे. निपाणीच्या तंबाखूची गोष्ट इथं सांगितल्याशिवाय राहवत नाही. वखारीत तंबाखूच्या धुरळ्यात दिवसभर काम करणाऱ्या बायकांनी कमी मजुरी आणि मुकादमाची दमदाटी वर्षानुवर्षं सोसली, आणि सुभाष जोशींसारख्या कार्यकर्त्यांच्या साथीनं 1980च्या आसपास त्यांनी संघटना बांधली. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटानं त्यांच्यासोबत राहून 1982 साली 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. मधल्या 1981 साली तंबाखू पिकवणारे शेतकरी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेबरोबर भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले, आणि एप्रिलच्या गोळीबारात काहींचे जीव गेले. वखारीतल्या बाईला काय, शेतकऱ्याला काय, वर्षानुवर्षं सांगण्यात येत होतं ते एकच: थोडं भागवून घ्या. ते नाकारलं गेलं तेव्हाच तिथली मजुरी आणि भाव बोलण्याचे विषय झाले. तेव्हा तिथं 'ॲडजस्ट' हा शब्द कोणी वापरला असेल-नसेल, त्याचं काम मात्र चालू होतं.

सरकारला हा शब्द उघड वापरता येत नाही, म्हणून तो सोवळं नेसून येतो. महाराष्ट्रात अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकांचं 'समायोजन' होतं. म्हणजे घरापासून लांबची शाळा मिळते. कर्नाटकात 'होंदाणिके' हा चांगला कानडी शब्द आहे, जुळणं, मेळ बसणं असा. पण निवडणुकीच्या बातम्यांत 'होंदाणिके राजकारण' आलं की त्याचा अर्थ दोन विरोधी पक्षांच्या पुढाऱ्यांनी आतून एकमेकांना सांभाळून घेणं असा होतो, आणि बोलताना कानडी माणूसही त्याला 'ॲडजस्टमेंट'च म्हणतो. दोन्ही राज्यांना या एका बाबतीत भाषांतराची गरज पडत नाही. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं 2004 साली सर्वोच्च न्यायालयात नेला तो अजून तिथं आहे. या काळात सीमाभागातल्या मराठी माणसाला दोन्हीकडच्या शहाण्यांनी आळीपाळीनं काय करायला सांगितलं, ते वेगळं सांगायला नको. 1946च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता. त्या ठरावातही नामंच जोरकस होती, असं मला आपलं वाटतं.

कोशाचं काम या गावाला नवं नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला, आणि त्याच वर्षी बेळगावात बाबा पदमनजींचा जन्म झाला. इथल्या मिशनच्या शाळेत ते इंग्रजी शिकले, 1854 साली इथंच ख्रिस्ती झाले, 1857 साली त्यांचं 'यमुनापर्यटन' आलं, आणि पुढं त्यांनी मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती केली. मोल्सवर्थनं सुरू केलेला आणि कॅंडीनं पुरा केलेला इंग्रजी-मराठी कोश 1847चा. त्या मंडळींपुढं काम होतं इंग्रजी शब्दाला मराठी शब्द शोधण्याचं. आज काम उलटं आहे. शब्द इंग्रजीच राहिला आहे आणि त्याचे मराठी अर्थ शोधायचे आहेत. ते इंग्लंडच्या कोशात मिळत नाहीत, गल्ल्यापाशी उभं राहून ऐकावे लागतात.

वाचकासाठी दोन-चार गोष्टी सांगतो. नोंदींतली वाक्यं जशी ऐकली तशी दिली आहेत. 'मी केलो'चं 'मी केलं' केलेलं नाही, मुद्रितशोधकाला हे आधीच बजावून ठेवलं आहे. कानडी वाक्यं देवनागरीत लिहिली आहेत आणि ती इकडच्या उत्तरेकडच्या कानडीची आहेत; म्हैसूरच्या वाचकाला 'माडरी' ऐवजी 'माडी' हवं असेल तर त्यानं तसं वाचावं. खडेबाजार म्हटलं की शहापूरचाही खडेबाजार आहे, तिथली वाक्यं साड्यांच्या दुकानांतली आहेत आणि त्यांच्यापुढं तशी खूण केली आहे. दुकानांची आणि माणसांची नावं कुठंही नाहीत. 'ॲडजस्ट'ची नोंद सगळ्यांत लांब झाली म्हणून तिचे तीन भाग केले: वस्तू, पैसा आणि माणूस. 'सेटिंग' आणि 'मॅनेज' या नोंदी मात्र वेगळ्या करता आल्या नाहीत. निवडणुकीच्या दिवसांत लोक त्या एकमेकींच्या जागी वापरतात, तेव्हा दोन्ही शेवटी एकाच पानावर दिल्या आहेत.